चरबी घटवताना स्नायू कसे वाढवावेत

वजन उतरवायचं ठरलं की बहुतेक जण जेवण निम्म्यावर आणतात आणि तासभर चालायला लागतात. काटा खाली येतो खरा, पण चरबीबरोबर स्नायूही झडतात. ज्या स्नायूला काम नाही, तो शरीर कशाला सांभाळेल? म्हणून खाणं थोडंच कमी करायचं, आणि स्नायूंना काम व प्रथिनं दोन्ही पुरवायची.

आधी मोजमाप. सकाळी उपाशीपोटी वजन करा, बेंबीच्या रेषेत टेप धरून कंबर मोजा. पोट आत ओढू नका. श्वास सहज सोडल्यावरचा आकडा लिहा. शरीरातल्या पाण्यामुळे वजन रोज मागेपुढे होतं, तेव्हा आठवड्याची सरासरीच धरा.

आता खाणं. रोज ३०० ते ५०० कॅलरी कमी करा, त्याहून जास्त नको. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे ५०० ची तूट पंधरवड्यात जवळपास किलोभर चरबी घटवते. कात्री आधी गोड पेयांना आणि तेलाला लावा. एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात, आणि बाटलीतून थेट ओतलं की दोन चमचे कधी पडले ते कळतही नाही.

प्रथिनं मात्र वाढवा. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. ती तीन-चार जेवणांत वाटून घ्या. एका अंड्यात सहाएक ग्रॅम मिळतात. डाळीचा हिशेब इथे हमखास चुकतो: १०० ग्रॅम कोरड्या डाळीत २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, पण ती शिजताना पाणी पिते, त्यामुळे शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये नऊच्या आसपासच उरतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

व्यायामाला आठवड्यातले तीन दिवस द्या, मध्ये एकेक दिवस सोडून. स्क्वॉट (खुर्चीत बसल्यासारखं खाली जाऊन उठणं), पुशअप, कमरेतून वाकून वजन उचलणं, वजन पोटाकडे ओढणं आणि डोक्यावर उचलणं, एवढ्यात सगळं अंग येतं. प्रत्येकाचे तीन सेट, सेटमध्ये ८ ते १२ वेळा. वजन किती घ्यावं? शेवटच्या दोन वेळांना हालचाल आपोआप मंदावली पाहिजे, पण ढब बिघडता कामा नये. अजून दोन निघाले असते असं वाटताच थांबा. पुशअपमध्ये कंबर खाली लोंबायला लागली की तो सेट संपला. डंबेल नसतील तर पाठपिशवीत पुस्तकं भरा. आकडे वहीत लिहा, आणि तिन्ही सेट बारापर्यंत गेले की वजन थोडं वाढवा. ही वाढच स्नायू घडवते. माझ्या मते वहीशिवाय व्यायाम करणं म्हणजे वेळ घालवणं.

चालणं सोडू नका, ते हृदयासाठी हवंच. सात तास झोपही हवी.

नवख्यांना आणि मोठ्या खंडानंतर परतलेल्यांना हे लवकर साधतं. मुळात सडपातळ आणि मुरलेल्या व्यायामपटूने एका वेळी एकच ध्येय धरावं.

चार आठवड्यांनी वही उघडा. वजन तेवढंच पण कंबर कमी झाली असेल, तर काहीही बदलू नका. दोन्ही जागच्या जागी असतील तर आणखी १०० कॅलरी कमी करा. आणि उचलायचं वजन घटत चाललं असेल, तर तेवढ्याच कॅलरी वाढवा.