डायलिसिसच्या रुग्णाची हाडं : फिल्म कुठून वाचायला घ्यावी

रेडिओलॉजीत नव्याने आलेल्यांनी फिल्मआधी तीन गोष्टी विचाराव्यात: डायलिसिसला किती वर्षं झाली, पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं, हाडातलं कॅल्शियम रक्तात आणणारं हार्मोन) किती आहे, पॅराथायरॉइड काढली आहे का. फॉर्मवर बहुतेकदा नुसतं ‘हाडं दुखतात’ एवढंच असतं. सरळ डायलिसिस युनिटला फोन करा.

सुरुवात हाताच्या एक्स-रेने. पीटीएच बराच काळ वाढलेलं असेल तर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर, अंगठ्याकडची कड बघा. एरवी रेघेसारखी असणारी ती कड कुरतडल्यासारखी, पुसट होते. फिल्म मोठी केल्याशिवाय हे हमखास निसटतं. हात हलला असेल तर सगळ्याच कडा पुसट दिसतात, तेव्हा दुसरी फिल्म घ्या. नखाखालच्या पेराचं टोकही झिजतं. त्याच फिल्मवर बोटांच्या धमन्यांमध्ये कॅल्शियम दिसलं तर तेही रिपोर्टमध्ये लिहा.

ब्राउन ट्यूमर, म्हणजे वाढलेल्या पीटीएचमुळे हाडात पडलेली पोकळी, कॅन्सरच्या गाठीसारखा दिसतो. पीटीएच न बघता ‘मेटास्टॅसिस’ (पसरलेला कॅन्सर) लिहिलं की रुग्णाची नाहक धावपळ. पॅराथायरॉइड काढल्यावर तीच पोकळी दाट हाडाने भरत जाते, म्हणून शस्त्रक्रियेचा प्रश्न आधी. उलट अ‍ॅडायनॅमिक बोनमध्ये पीटीएच कमी, हाडाची उलाढाल (जुनं झिजणं, नवं बनणं) मंद आणि फिल्म चक्क नॉर्मल असू शकते. तरीही हाड मोडतं. खात्रीचं निदान बायोप्सीनेच होतं.

डेक्सा (हाडाची घनता मोजणारी तपासणी) करताना कमरेच्या मणक्यांच्या आकड्यावर विसंबू नका. समोरच्या महाधमनीतलं कॅल्शियम त्यात मिसळतं आणि घनता खोटी वाढते. मनगटाच्या वरचा, रेडियसचा एक-तृतीयांश भागही मोजा, पण फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) नसलेल्या हाताचा. केडिगो या मूत्रपिंडविकारांवर मार्गदर्शक सूचना देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१७ची शिफारसही अशी, की निकालाने उपचार बदलणार असतील तरच ही तपासणी करावी.

बरीच वर्षं डायलिसिस झालेल्यांच्या मानेत दोन मणके आणि मधली डिस्क खाल्ली गेलेली दिसली, तर अमायलॉइड (डायलिसिसने नीट न निघणाऱ्या प्रथिनाचा साठा) की जंतुसंसर्ग हा पेच पडतो. एमआरआयच्या टी२ चित्रात अमायलॉइड बहुधा काळं राहतं, संसर्गात डिस्क उजळते. पण कॅथेटर (डायलिसिससाठी शिरेत ठेवलेली नळी) असलेल्या रुग्णात संसर्ग खरोखरच असू शकतो. शंका राहिली तर सुईने नमुना घ्यायला सांगा. कॉन्ट्रास्ट लागलंच तर जुनी लिनियर गॅडोलिनियम औषधं टाळा, कारण त्यांनी कातडी आणि सांधे आखडणारा एनएसएफ होऊ शकतो. ग्रुप २ (एनएसएफचा धोका अगदी कमी असलेला गट) मधलं औषध, कमीत कमी डोस आणि स्कॅनची वेळ पुढच्या हिमोडायलिसिसच्या जरा आधीची, हे युनिटशी बोलून ठरवा.