चवथीच्या आधी डेटाबेसचा फेलओव्हर खराखुरा तपासून घ्या

गोव्यात पावसात लाईट कधी जाईल याचा नेम नाही आणि चवथीला ऑफिसात माणूसच नसतो, सगळे आपापल्या गावच्या घरी, म्हणून मुख्य सर्व्हर पडला तर दुसरा आपोआप त्याची जागा घेतो का (हाच फेलओव्हर) हे तपासायचं काम मी जुलैतच उरकतो. आमचा सेटअप पोस्टग्रेस (डेटाबेस), पॅट्रोनी (मुख्य डेटाबेस, म्हणजे लीडर, कोण ते सांभाळणारा) आणि एटसीडीचे (लीडरची नोंद ठेवणारा) तीन नोड, म्हणजे मशीन. आधी बघा की तिन्ही एकाच यूपीएसवर नाहीत ना, कारण दोन गेले की कोरम (बहुमत) गेला आणि मग प्रायमरी, म्हणजे लीडर, जिवंत असला तरी रीड-ओन्ली होतो.

स्विचओव्हर (ठरवून केलेली अदलाबदल) मारला, लीडर बदलला म्हणजे टेस्ट झाली असं समजू नका. त्यात जुना प्रायमरी नीट बंद होतो. सर्व्हिस स्टॉप केली तरी पॅट्रोनी जाता जाता लीडर की (एटसीडीतली लीडरपणाची नोंद) सोडून देतो, आणि नुसती पोस्टग्रेसची प्रोसेस किल केली तर तो तिथल्या तिथे परत चालू करायला बघतो. खरी टेस्ट म्हणजे प्रायमरीची पॉवरच काढायची. त्याआधी एक छोटी स्क्रिप्ट लावा, प्रॉक्सीमधूनच (अॅप ज्यातून लीडरपर्यंत पोचतं) दर सेकंदाला एक रो टाइमस्टॅम्पसकट टाकणारी, कमिट झालेल्या रोंचा लॉग वेगळ्या मशीनवर. टीटीएल (लीडर कीची मुदत) डिफॉल्ट 30 सेकंद असतो, तेवढा गॅप पडला तर घाबरू नका. पण लॉगमध्ये आहे आणि टेबलात नाही असा रो सापडला तर तो डेटा गेलेला आहे, असिंक रेप्लिकेशनमध्ये (रेप्लिकाकडे, म्हणजे दुसऱ्या कॉपीकडे, पोचायची वाट न बघता कमिट होतं तेव्हा) हे होऊ शकतं, आणि ते चालणार की नाही हे अकाउंट्सवाल्यांना आत्ताच विचारा.

मग जुना नोड चालू करा. रिवाइंड होऊन (वेगळे पडलेले बदल मागे घेऊन) रेप्लिका म्हणून आला तर उत्तम, नाहीतर रीइनिट करा, म्हणजे पूर्ण कॉपी नव्याने. पॅट्रोनीच्या लिस्टमध्ये टाइमलाइन (लीडर बदलला की वाढणारा नंबर) सगळीकडे सारखी आणि लॅग (रेप्लिका किती मागे आहे ते) शून्याजवळ दिसेपर्यंत घरी जायचं नाही.

आता रिस्टोअर, जे लोक नेहमी टाळतात. कुणी चुकून टेबल ड्रॉप केलं तर ते रेप्लिकावरही लगेच ड्रॉप होतं, तिथे बॅकअपच लागतो. वेगळ्या मशीनवर पीजीबॅकरेस्ट या बॅकअपच्या टूलने ठरावीक वेळेपर्यंतचं रिस्टोअर करा, आर्काइव्ह मोड ऑफ ठेवून, नाहीतर टेस्टच्या वॉल फाइल्स (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) खऱ्या बॅकअपच्या रेपोत घुसायला बघतील. रो मोजा, लागलेला वेळ आणि कमांड कागदावर लिहून रॅकला चिकटवा, चवथीत पेडण्याहून कुणाला धावत यावं लागलं तर त्याच्या हाताशी असेल.