डिलेसाठी रिकामा लूप फिरवताय? टायमिंगच्या या चुका टाळा

दर महिन्याला कोणतरी पोरगं येतंय आणि तेच सांगतंय, "दादा, मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड बदलला आणि टायमिंग गंडलं." गंडणारच की मर्दा! तू वेळ मोजलीच नव्हतीस, थांबायला टाकलेल्या रिकाम्या लूपचे फेरे मोजले होतेस.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कोअर शूटरच्या (ओतकामात पोकळी ठेवायला लागणारा वाळू-रेझिनचा गाभा, म्हणजे कोअर, बनवणारं मशीन) कंट्रोलरचं असंच झालेलं. कोअर गरम बॉक्समध्ये ४० सेकंद भाजायचा. कोड लिहिणाऱ्यानं रिकामा फॉर लूप टाकून, स्टॉपवॉच हातात धरून, आकडा कमीजास्त करत ४० सेकंद जुळवलेले, तेही ८ मेगाहर्ट्झच्या बोर्डवर. तो बोर्ड जळला, १६ चा आणला, कोड नीट कंपाईल केला पण लूप तोच. मला बोलवेपर्यंत वाळूवर संशय घेऊन झाला, रेझिनवर झाला, हीटरपण बदलला. मी कोअर हातात घेऊन अंगठा दाबला तर पापुद्र्यासारखा फुटला, कवच पातळ आणि तांबूस व्हायच्या जागी पिवळट. मोबाईलवर वेळ लावली, २० सेकंद. बरोब्बर निम्मे. दोन पाळ्यांचे कोअर भंगारात गेले.

हा रोग जुनाच आहे. टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेचं सीआरटी युनिट (तयार कोडचा भाग) डिलेसाठी प्रोग्रॅम सुरू होतानाच साधारण ५५ मिलिसेकंदांत किती फेरे होतात ते मोजून ५५ नं भागायचं. २०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे प्रोसेसर आले, उत्तर १६ बिटांत मावेना, आणि चांगले चाललेले प्रोग्रॅम "रनटाइम एरर २००" देऊन सुरू होतानाच बंद पडायला लागले. शिवाय आजचा कंपायलर रिकामा लूप निरुपयोगी समजून उडवूनच टाकू शकतो.

म्हणून हार्डवेअर टायमर (चिपमधलंच वेळ मोजणारं वेगळं सर्किट) वापरा. पण क्रिस्टल (चिपला ठोके देणारा भाग) किती मेगाहर्ट्झचा आहे ते कोडला खरं सांगा, ८ साठी केलेली हेक्स (चिपवर चढवायची तयार फाईल) १६ वर टाकली तर मिलिसपण (अर्डुइनो बोर्डचं सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन) दुप्पट पळतंय.

दुसरी चूक, दर सेकंदाला काम करायचं म्हणून शेवटी १००० मिलिसेकंदांचा डिले. कामाला १२ मिलिसेकंद लागले तर फेरा १०१२ चा होतो, दिवसाला १७ मिनिटं मागे. मी पुढच्या कामाची वेळ आधीच्या ठरलेल्या वेळेत १००० मिळवून काढतो, "आत्ता"मध्ये मिळवत नाही.

ईएसपी३२ या चिपवर सायकल काउंटरनं (सीपीयूचे ठोके मोजणारा) वेळ मोजू नका, सीपीयू २४० मेगाहर्ट्झवरून ८० वर उतरला की तोपण हळू होतोय.

लिनक्सवर कालावधी मोजायला मोनोटॉनिक क्लॉक (कधीच मागे न जाणारं) वापरा, घड्याळाची वेळ नको, ती एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सोय) मागेपुढे करतंय.

अर्डुइनोत मिलिस ४९.७ दिवसांनी शून्यावर येतं, म्हणून अनसाइन्ड लाँगमध्ये (ऋण नसलेल्या पूर्णांकात) आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करूनच तुलना करा.

आणि ऑनलाईन मिळालेला कोड चिकटवून लगेच पॅनेल बंद करायची घाई मला अजिबात पटत नाही. मी आधी एलईडी दहा मिनिटं ब्लिंक करून मोबाईलच्या स्टॉपवॉचशी ताडून बघतो, मगच स्क्रू आवळतो.