रोजच्या कामांतून लेकराची हालचाल कशी सुधारावी

लेकरू उशिरा बसतं, एक हात आखडून धरतं, चालताना सारखं अडखळतं, किंवा सातवं लागलं तरी शर्टाच्या गुंड्या लावता येत नाहीत. अशा वेळी थेरपी म्हटलं की बऱ्याच घरांत मालिश आणि हातपाय ताणून देणं एवढंच डोळ्यांपुढे येतं. ही दोन्ही कामं मोठं माणूस करतं आणि लेकरू नुसतं पडून राहतं. स्नायू ताठर असतील तर ताण देणं, स्प्लिंट (हात किंवा पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) घालणं हे डॉक्टर सांगतील तसं करावंच. पण तेवढ्यानं घास तोंडात न्यायला येत नाही. मेंदू एखादं काम शिकतो ते काम स्वतः करून, चुकून आणि पुन्हा करून. म्हणून सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडणं) असो की हालचालींचा ताळमेळ न बसणं असो, थेरपिस्ट आता खरंखुरं रोजचं कामच सरावाला घ्यायला सांगतात. ते घरी कसं करायचं, ते पुढे दिलं आहे.

एकच काम ठरवा

"हात सुधारला पाहिजे" हे ध्येय नव्हे, कारण तो सुधारला की नाही हे कळणार कसं? "जेवायला बसल्यावर चतकोर भाकरी स्वतः मोडून, पिठल्यात बुडवून खाईल" हे ध्येय झालं. काम रोज लागणारं हवं, लेकराला स्वतःला ते करावंसं वाटायला हवं आणि त्यातला थोडा भाग आजही जमत असायला हवा. बोलता येणाऱ्या लेकराला सरळ विचारा, तुला काय करायला आवडेल? आईला गुंड्या महत्त्वाच्या वाटतात, पण पोराला मित्रांसोबत चेंडू टाकायचा असतो. त्याच्या मनातलं काम घेतलं की सरावासाठी मागे लागावं लागत नाही.

आज ते काम 10 पैकी किती जमतं, ते वहीत लिहा. मोबाईलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच बाजूनं पुन्हा काढा. रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही, व्हिडिओत दिसतो.

कुठे अडतंय ते बघा

एकदा मदत न करता पूर्ण काम करू द्या आणि शेजारी बसून नुसतं बघा. पकड बसत नाही, की पकडलेलं सुटत नाही? हात पोचत नाही, की पोचताना धड कलंडतं? की सगळं येतं, पण आधी काय नि मग काय हे समजत नाही? या प्रत्येकावर उपाय वेगळा आहे.

पुष्कळदा अडचण हातात नसून बैठकीत असते. मांडीमागचे स्नायू आखडलेल्या लेकराला जमिनीवर मांडी घालून बसवलं की पाठीला पोक येतो, ते मागे पडायला लागतं आणि हात तोल सांभाळण्यातच गुंततात. ढुंगणाखाली 8 ते 10 सेंटीमीटर उंचीचा पाट किंवा घट्ट घडी केलेली गोधडी द्या, पाठ भिंतीच्या कोपऱ्यात टेकवा. खुर्चीवर बसवत असाल तर पाय लोंबकळू देऊ नका, तळव्यांखाली विटा किंवा पाट ठेवा. टेबल कोपराच्या उंचीवर हवं. एवढ्यानंच कित्येक लेकरांचा हात त्याच दिवशी मोकळा चालायला लागतो.

उदाहरण: भाकरी मोडून खाणं

आपल्या घरात दिवसातून दोनदा होणारं हे काम दोन्ही हातांना एकत्र कामाला लावतं, म्हणून सरावाला फार चांगलं. काठाचं, वजनदार ताट घ्या आणि खाली ओलं फडकं अंथरा, म्हणजे ताट सरकत नाही. सुरुवात ताज्या, कोमट ज्वारीच्या भाकरीनं करा. ती थोड्या जोरात मोडते. गार झालेली भाकरी कडक होते, आणि पोळी ताणली जाते पण तुटत नाही, म्हणून ती सगळ्यांत अवघड. जमेल तसं या क्रमानं पुढे जा. सोबत आधी घट्ट पिठलं द्या. पातळ वरण सांडतं, ते नंतर.

कामाचे तुकडे असे पडतात:

1. कमजोर हातानं चतकोर ताटात दाबून धरायची. बोटं उघडत नसतील तर मूठ किंवा मनगटाची कडही चालते.
2. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी कड धरून तुकडा मोडायचा.
3. तुकडा पिठल्यात टेकवायचा.
4. घास तोंडात न्यायचा.

शिकवायचं मात्र शेवटाकडून. पहिले काही दिवस एक ते तीन तुम्ही करा आणि बुडवलेला घास लेकरानं तोंडात न्यावा. ते नीट जमलं की बुडवणंही त्याच्याकडे द्या, मग मोडणं, शेवटी धरणं. यात प्रत्येक वेळी काम पूर्ण होतं ते लेकराच्या हातून आणि बक्षीस लगेच तोंडात पडतं.

आता काय बिघडतं ते बघा. हात वर न नेता लेकरू तोंडच ताटाकडे नेतं, तर ताट 10-15 सेंटीमीटर उंच करा. मुठीनं भला मोठा तुकडा तुटतो, तर कडेला आधीच छोट्या चिरा पाडून द्या. आखडलेली मूठ ओढून उघडू नका, ओढल्यानं ती अजून घट्ट होते. मनगट हळूच तळव्याच्या बाजूला वाकवा, बोटं आपोआप सैल होतात. घाई केली, रागावलं, की ताठरपणा वाढतो. म्हणून भूक लागलेली असताना पहिले पाच-सहा घास सरावाचे ठेवा आणि दमल्यावर उरलेलं जेवण खुशाल भरवा. भुकेल्या लेकराला पूर्ण ताट स्वतः खायला लावलं तर जेवणाचाच वीट येतो.

डाव्या हातानं जेवण्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. उजवी बाजू कमजोर असलेल्या लेकरानं डाव्या हातानं जेवलं तर आजी टोकते, पंगतीत लोक बघतात, आणि घरचे घास उजव्याच हातात कोंबतात. असं करू नका. चांगल्या हातानं जेवू द्या. उजव्या हाताला भाकरी धरण्याचं काम आहेच, आणि ते खरं काम आहे. घरातल्या मोठ्यांना आधीच समजावून ठेवलं तर लेकराला ताटावर अपमान सोसावा लागत नाही.

गिळताना ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज घोगरा-ओला येत असेल, तर खाण्यापिण्याचा सराव थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. आणि शेंगा फोडणं हा बोटांचा उत्तम सराव असला तरी लहान लेकरांना अख्खे शेंगदाणे खायला देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. जवळ बसल्याशिवाय शेंगा हातात देऊ नयेत.

मदत किती आणि कशी

सूचना दिल्यावर मनात दहापर्यंत मोजा. मेंदूकडून हाताकडे हुकूम जायला या लेकरांना जास्त वेळ लागतो, आणि आपण बहुतेक वेळा तिसऱ्या सेकंदाला हात पुढे करतो. दहानंतरही अडलं तर आधी शब्दानं, मग बोट दाखवून, मग कोपराला हलका आधार देऊन मदत करा. हातावर हात धरून करवून घेणं सगळ्यांत शेवटी. रोज यातली एक पायरी कमी करता येते का, ते बघत राहा.

"नीट धर", "हळू कर" यातून काहीच कळत नाही. "मनगट वळव" हेही जड जातं. "तुकडा वाटीला टेकव" म्हटलं की हात आपला मार्ग शोधतो. शाळेत जाणाऱ्या लेकराकडून चार गोष्टी वदवून घ्या: काय करायचं, कसं करायचं, केलं, जमलं का? "गुंडी का निसटली?" याचं उत्तर तुम्ही देऊ नका, त्याला शोधू द्या.

गुंड्यांसाठी मऊ पडलेला जुना शर्ट घ्या. नव्या गणवेशाची काजं कडक असतात. खालून दुसरी गुंडी आधी घ्या, ती डोळ्यांना दिसते. गुंडी अर्धी काजातून काढून द्या आणि लेकरानं फक्त ओढावी. कपडे घालताना कमजोर हात किंवा पाय आधी, काढताना तो शेवटी.

तांब्यातून पेल्यात ओतणं शिकवताना उन्हाळ्यात पाण्याची काळजी असतेच. पेला परातीत ठेवून आधी तुरीच्या डाळीनं करा, सांडलेलं परत भरता येतं. पण डाळीवर रेंगाळू नका. पाण्याचा वेग वेगळा असतो, आणि तो पाण्यातच शिकावा लागतो. परातीतलं पाणी झाडाला घाला.

उभं राहणं शिकवायचं असेल तर उंच बाजेवरून सुरुवात करा. पाय गुडघ्यांच्या थोडे मागे, पुढे वाकून नाक पायांच्या बोटांवर आणायचं, मग उठायचं. जमलं की बैठक हळूहळू खाली आणत पाटापर्यंत या.

किती सराव

सेरेब्रल पाल्सीत हाताचं एखादं ठरावीक काम साधायला साधारण 15 ते 25 तास सराव लागतो, असं अभ्यासांतून दिसतं. आठवड्यातून एकदा पाऊण तास थेरपीला नेलं तर 15 तास व्हायला पाच महिने जातील. घरी दोन जेवणांत दहा-दहा मिनिटं धरली तर दीड ते अडीच महिन्यांत तेवढा सराव होतो. गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी दर आठवड्याला जाणं कुणाला परवडतं? बीड, जालना, परभणीकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, तेव्हा तर थेरपी तुटतेच. जाण्याआधी थेरपिस्टकडून एकच काम ठरवून घ्या आणि ते करतानाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवा. ताट, पाट आणि भाकरी तोडीवरच्या कोपीवरही (झोपडीतही) असते.

तपासणीसाठी अंगणवाडी किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. हा कार्यक्रम 2013 पासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पुढच्या उपचाराला ते डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या जिल्हा केंद्रात पाठवतात. वर्षाच्या आत लेकरू एकच हात वापरत असेल, येत असलेलं काम विसरत चाललं असेल, झटके येत असतील किंवा हालचाल करताना दुखत असेल, तर पथकाची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

दोन-तीन आठवड्यांत काहीच हललं नाही तर काम न सोडता पायरी बदला: तुकडा आणखी छोटा करा, ताट उंच करा, बैठक पुन्हा तपासा. आणि घरी जमलं की लगेच जागा बदला. मामाच्या घरी, लग्नाच्या पंगतीत, शाळेतल्या खिचडीच्या ताटाशी. खिचडी मोडायची नसते, गोळा करून उचलायची असते, तेव्हा तिथे हात पुन्हा चाचपडेल. मास्तरांना आधी सांगून ठेवा की त्या लेकराला जेवायला दहा मिनिटं जास्त लागतील.