काल्पनिक विनाशिका कागदावर उतरवताय? या चुका टाळा

मराठ्यांचं आरमार १९१० पर्यंत टिकलं असतं तर काय झालं असतं, या कल्पनेत रमणारे आपल्याकडे कमी नाहीत. पण त्या आरमारासाठी विनाशिका, म्हणजे डिस्ट्रॉयर ही छोटी, वेगवान युद्धनौका, रेखाटायला बसलं की बहुतेकांच्या वहीत पहिली ओळ एकच पडते: वेग ४० नॉट (ताशी ४० सागरी मैल). खाली चार तोफा, आठ टॉर्पेडो, लांब पल्ला, मजबूत सांगाडा, आणि वजन? हजार टन. असं जहाज त्या काळात कुणाला बांधता आलं नाही. इंग्लंडला नाही, जर्मनीला नाही, मग रत्नागिरीच्या गोदीत ते कुठून होणार!

वेगाआधी साल लिहा

विनाशिकेचा प्रकार फार झपाट्याने बदलला. १८९३ ची ब्रिटिश ‘हॅवॉक’ जेमतेम २४० टनांची आणि २६-२७ नॉटची होती. १९१७ ची ‘व्ही’ वर्गातली, म्हणजे एकाच आराखड्याच्या त्या गटातली, नौका हजार टनांच्या वर गेली, ३१२ फूट लांब झाली आणि ३४ नॉट पळू लागली. मधल्या चोवीस वर्षांत वाफेचं दट्ट्याचं इंजिन गेलं, टर्बाइन आलं, कोळसा जाऊन तेल आलं. त्यामुळे ‘विसाव्या शतकाच्या सुरुवातीची’ एवढं म्हणून भागत नाही. १९०३ आणि १९१३ ही दोन वेगळी जगं आहेत.

सालाची चूक पकडायला काही ठळक खुणा पुरतात. १९०५ च्या जहाजात गिअर लावलेलं टर्बाइन दाखवलंत तर ते चुकीचं आहे. ब्रिटिशांनी पूर्ण गिअरची यंत्रणा विनाशिकेत पहिल्यांदा घातली ती ‘लिओनिडास’ आणि ‘ल्युसिफर’ या १९१३ च्या सुमाराच्या नौकांत. त्याआधी टर्बाइन थेट पाण्यातल्या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, दांड्यालाच जोडलेलं असे. २१ इंची टॉर्पेडो ब्रिटिश नौदलात आला १९१० च्या आसपास, त्याआधी १८ इंची. पाणबुडीवर टाकायचे पाण्यातले बॉम्ब, म्हणजे डेप्थ चार्ज, १९१६ पासून. १९१२ च्या नौकेच्या शेपटाला त्यांच्या रांगा काढल्यात तर जाणकार वाचक तिथेच हसतो. एकीच्या डोक्यावरून दुसरी तोफ डागायची मांडणी ब्रिटिश विनाशिकांत ‘व्ही’ वर्गापासून रुळली. रेडिओची तार मात्र पहिल्या दशकाच्या अखेरीला दाखवायला हरकत नाही.

चाळीस नॉटची किंमत

इथे थोडं गणित करावंच लागेल, त्याला इलाज नाही. त्या काळचे जहाजरचनाकार एक ढोबळ सूत्र वापरत. जहाजाच्या टनांतल्या वजनाचं घनमूळ काढा, त्याचा वर्ग करा, त्याला वेगाच्या घनाने गुणा आणि एका स्थिरांकाने भागा, की लागणारी अश्वशक्ती मिळते. त्या पिढीच्या विनाशिकांसाठी हा स्थिरांक साधारण १५० ते १८० च्या दरम्यान पडतो.

हजार टनांचं जहाज घ्या. घनमूळ १०, वर्ग १००. ३४ चा घन ३९,३०४. स्थिरांक १६० धरला तर सुमारे २४,६०० अश्वशक्ती. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश ‘एम’ वर्गाची नौका साधारण एवढ्याच वजनाची, ३४ नॉटची, आणि तिची यंत्रं २५,००० अश्वशक्तीची होती. म्हणजे सूत्र बरं चालतं. आता ४० नॉट घाला: ४० चा घन ६४,०००, उत्तर ४०,००० अश्वशक्ती. सहा नॉटसाठी यंत्रं दीडपटीहून मोठी! विनाशिकेत यंत्रं आणि बॉयलर मिळून तसेही एक तृतीयांश वजन खातात. ते दीडपटीहून वाढलं की जहाजाचं निम्मं वजन यंत्रांतच जातं, आणि सांगाडा, तेल, तोफा, माणसं यांना उरलेल्या निम्म्यात बसवायचं. शिवाय मोठ्या यंत्रांना लांब जहाज लागतं, लांब जहाजाला जाड पत्रा लागतो, वजन वाढतं, आणि सूत्र परत पहिल्यापासून मांडावं लागतं.

ब्रिटिशांनी हा हट्ट खरोखर करून पाहिला. १९०७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘स्विफ्ट’ ३६ नॉटसाठी आखली होती. ती सुमारे १,८०० टनांची झाली, म्हणजे तेव्हाच्या इतर विनाशिकांच्या दुप्पट. खर्चही तसाच. तरीही चाचणीत ३६ गाठला नाही, आणि अशी दुसरी नौका कुणी मागितली नाही. रशियाच्या ‘नोविक’ने १९१३ च्या चाचणीत ३७.३ नॉट काढले हे खरं, पण ती सुमारे १,२५० टनांची होती आणि ४०,००० च्या आसपास अश्वशक्तीची. एवढं करूनही पहिल्या चाचण्यांत ती कमी पडली, जर्मनीत नेऊन बॉयलर सुधारावे लागले. तुमच्या काल्पनिक देशाकडे, १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सागरी लढाईत जपानकडून हरल्यावर रशियात लोकवर्गणीतून उभा राहिला तसा निधी आणि एखादी जर्मन कंपनी असेल, तर करा ३७.

चाचणीचा वेग आणि समुद्रातला वेग यांतला फरकही लक्षात ठेवा. १८९० च्या दशकातल्या ब्रिटिश ‘तीस नॉटवाल्या’ नौका हलक्या भारात, शांत पाण्यात ३० पळायच्या. उघड्या समुद्रात लाटा आल्या की त्या आकड्याला अर्थ उरत नसे.

नाळ उंच करा

हौशी चित्रांत नाळ, म्हणजे जहाजाचा पुढचा भाग, फार सुंदर, सडपातळ आणि बुटका असतो. जुन्या टॉर्पेडो बोटींची तशीच घडण होती: पुढचा डेक कासवाच्या पाठीसारखा उतरता, म्हणजे पाणी सरकून जाईल असा हिशेब. प्रत्यक्षात पाणी सरळ पुलावर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या ब्रिजवर, येऊन आदळे आणि पुढच्या तोफेपाशी माणूस उभा राहू शकत नसे.

यावर उतारा १९०३ पासूनच्या ‘रिव्हर’ वर्गात मिळाला. पुढचा भाग उंच उचलून त्याला खराखुरा फोक्सल डेक, म्हणजे नाळेवरचा उंच डेक, दिला, सांगाडा भक्कम केला, वजन साडेपाचशे टनांवर नेलं आणि करारातला वेग मुद्दाम २५.५ नॉट ठेवला. कागदावर साडेचार नॉट कमी. पण खवळलेल्या उत्तर समुद्रात याच नौका त्या ‘तीस नॉटवाल्यां’ना मागे टाकत. काल्पनिक जहाज अरबी समुद्रासाठी असेल तर हे अधिकच लागू होतं. जून ते सप्टेंबर कोकण किनाऱ्यापुढे जे पाणी उसळतं त्यात बुटकी नाळ घेऊन गस्त घालणं सोडाच, बंदराबाहेर पडणंही कठीण.

सांगाड्याचंही तेच. टर्बाइनवाली ब्रिटिश विनाशिका ‘कोब्रा’ सप्टेंबर १९०१ मध्ये बांधणीच्या गोदीतून निघाली आणि उत्तर समुद्रात वादळी लाटांवर मधोमध मोडली. ६७ माणसं गेली. त्यानंतर ब्रिटिश नौदलाने ‘वुल्फ’ नावाची विनाशिका कोरड्या गोदीत आधारांवर टेकवून तिचा सांगाडा किती ताण सोसतो ते मोजलं. लांबी रुंदीच्या दहा-साडेदहापट ठेवणं त्या काळाला धरून आहे: ‘व्ही’ वर्ग ३१२ फूट लांब, साडेएकोणतीस फूट रुंद. बारापट केलीत तर पत्रा जाड करा, नाहीतर तुमच्या नौकेची ‘कोब्रा’ व्हायची.

वरचं ओझं

तोफा वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. तोफेचं वजन खरं तर फार नसतं, पण ते उंचावर असतं. पुलावर आणखी एक मजला, तिथे शोधदिवा, वर एक तोफ, उंच डोलकाठी, आणि जहाज वळताना कलतं ते परत सरळ होत नाही. जपानची ‘तोमोझुरू’ १९३४ मध्ये सासेबोजवळच्या सरावात अशीच उलटली. सहाशे टनांच्या आत बसवायच्या नौकेवर तीन ५ इंची तोफा आणि चार टॉर्पेडो नळ्या चढवल्या होत्या. त्यानंतर जपानला कितीतरी जहाजांवरचं वरचं वजन उतरवावं लागलं.

१९१० ते १९१४ च्या हजार टनी नौकेला दोन किंवा तीन ४ इंची तोफा पुरतात. जुनी १२ पौंडी (१२ पौंडांचा गोळा टाकणारी) तोफ १९०३ साठी ठीक. चार तोफा हव्याच असतील तर वजन तेराशेकडे न्या आणि साल १९१७ करा.

टॉर्पेडोच्या मांडणीत एक गंमत आहे. अमेरिकेच्या ‘विक्स’ वर्गावर १२ नळ्या होत्या. पण तीन-तीनचे चार संच, दोन डाव्या अंगाला, दोन उजव्या. म्हणजे एका बाजूला एका वेळी सहाच सुटणार. ब्रिटिश ‘डब्ल्यू’ वर्गात तीन-तीनचे दोनच संच, पण जहाजाच्या मधल्या रेषेवर, दोन्हीकडे फिरणारे. एका बाजूचा मारा तोही सहाचाच, निम्म्या वजनात. नळ्यांची संख्या वाढवून मिरवायची असेल तर पर्याय पहिला, जहाज चालवायचं असेल तर दुसरा. मला तरी दुसरा पटतो.

इंधन कुठून येणार

तेल कोळशापेक्षा सरस यात शंका नाही: वजनामागे उष्णता जास्त, भट्टीत फावडी मारणारी माणसं कमी, धूर कमी. पण देशाला तेल मिळतं का हे आधी विचारा. ब्रिटनने ‘ट्रायबल’ वर्गाला तेल दिलं, पुढच्या ‘बीगल’ वर्गाला परत कोळसा दिला आणि मग १९१० च्या ‘एकॉर्न’पासून तेल कायम केलं. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत मोठा हिस्सा घेतला तो उगाच नव्हे. काल्पनिक मराठी आरमाराला आसामातलं दिग्बोई, ब्रह्मदेश किंवा इराण यांतलं एखादं ठिकाण कथेत बसवावं लागेल, नाहीतर बंगालचा कोळसा जाळावा लागेल. त्यात वेल्सच्या कोळशापेक्षा राख बरीच जास्त, म्हणजे कागदावरचा वेग आणखी खाली.

पल्ला लिहिताना वेगही लिहा. ‘व्ही’ वर्गाकडे साडेतीनशे टनांच्या आसपास तेल असे. १५ नॉटने सुमारे ३,५०० सागरी मैल, ३२ नॉटने जेमतेम ९००. नुसतं ‘पल्ला ३,५०० मैल’ लिहून पुढच्या प्रकरणात पूर्ण वेगाने मुंबईहून एडनला धाडलंत, तर १,६०० मैलांची ती वाट अर्ध्यावर येताच टाक्या कोरड्या.

धुराडी किती काढायची हा प्रश्न बॉयलर किती यावर सुटतो. ‘व्हायकिंग’ला सहा होती आणि तशी विनाशिका ती एकटीच. तुम्हाला तीन-चार बस. पुलाजवळचं धुराडं थोडं उंच ठेवा, धूर कप्तानाच्या डोळ्यांत जातो.

प्रोग्रॅम तक्रार करतोय तेव्हा

बरेच जण आकडे तपासायला स्प्रिंगशार्प हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरतात. तो चांगला आहे, पण मुळात मोठ्या युद्धनौकांना जास्त मानवतो. सांगाड्याची ताकद १.०० च्या खाली आली की नवखे घाबरून वेग, तोफा सगळं कापत सुटतात. विनाशिका मुळातच पातळ पत्र्याची असते, तिच्यासाठी ०.५० च्या आसपासचा आकडाही चालवून घेतात. स्थिरतेचा आकडा मात्र १.०० च्या खाली गेला तर तो गंभीरपणे घ्या: आधी पुलाचा मजला काढा, मग तोफ खाली आणा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर रुंदी फूटभर वाढवा. पाण्याखालची जागा शंभर टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर चिंता नको, विनाशिकेत इंजिनखोली नेहमीच खच्चून भरलेली असते. किरकोळ वजनाचा रकाना शून्य ठेवू नका. होड्या, रेडिओ, शोधदिवे, डेप्थ चार्ज यांना वजन असतं.

आकडा बरोबर की चूक हे ठरत नसेल तर आधी खरी नौका भरून पाहा. ‘एम’ वर्ग घ्या: हजार टन, २५,००० अश्वशक्ती, तीन ४ इंची तोफा, ३४ नॉट. प्रोग्रॅम तिला जी ताकद आणि जी स्थिरता देईल ती टिपून ठेवा आणि मग त्या आकड्यांशेजारी आपली नौका मांडा.