चालत्या गाडीत जेवण गरम करायचंय? डबा तासभर आधी लावा

ऑफरोडला गरम जेवण हवं असेल तर १२ व्होल्टवर चालणारा गरम डबा मस्त, लायटरच्या सॉकेटला लावला की झालं, फक्त त्याच्याकडून घाईची अपेक्षा ठेवू नका. सॉकेटमधून मिळणारे १० अँपिअर म्हणजे जेमतेम १२० वॅट, एवढ्यावर लिटरभर गार पाणी उकळायलाच पाऊण तासाच्या वर जातो. त्यामुळे कच्चं शिजवत बसू नका, आधीच शिजवलेलं घट्टसर काहीतरी न्या आणि थांबायच्या तासभर आधी डबा लावा, तोही इंजिन चालू असताना, नाहीतर बॅटरी बसते आणि मग जेवण गरम, गाडी थंडगार.

डबा पाऊणच भरा. मी एकदा काठोकाठ रस्सा भरला होता, पहिल्याच खड्ड्यात अर्धा मॅटखाली आणि वास पुढचे आठ दिवस! तेव्हापासून घट्ट झाकण, वरून पट्टा, आणि डबा सीटवर नाही तर खाली, कशाला तरी टेकवून.

आणि हो, पाऊस असो की वारा, गॅसचा स्टोव्ह बंद गाडीत पेटवू नका, त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वासच नसतो, कळत नाही.