महशी बिघडते ती इथे: या चुका टाळा

महशी म्हणजे अरबीत ‘भरलेलं’. इजिप्तमध्ये मात्र हा शब्द नुसता उच्चारला तरी डोळ्यांपुढे एक पातेलं उभं राहतं. कूसा, म्हणजे तिथली फिकट हिरवी, बोटभर लांबीची झुकिनी, पांढरी आणि काळी लांबट वांगी, पातळ सालीच्या छोट्या ढोबळ्या मिरच्या, टोमॅटो, कधी कोबीची नाहीतर द्राक्षाची पानं. भाजी कुठलीही असो, पोटात तांदूळ, टोमॅटो आणि तीन हिरव्या पाल्यांचं सारण.

कैरोच्या दोक्की भागात मी सहा वर्षं राहिले आणि महशी तिथेच शिकले, खालच्या मजल्यावरच्या बाईंकडून. त्यांना सगळे ‘तांत’ म्हणायचे, तिकडे मावशी-काकूंना तसंच म्हणतात. आता मी नाशकात आहे. ओळखीपाळखीच्या बायका करून बघतात आणि मला फोटो पाठवतात. फाटलेला कूसा, तळाला लागलेलं पातेलं, ‘ताई, तासभर शिजवलं तरी तांदूळ कच्चाच’. चुका त्याच त्याच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

ठासून भरणं

ही सगळ्यांत मोठी चूक. आपला हात भरल्या वांग्यांवर तयार झालेला असतो. तिथे मसाला आधीच भाजलेला-परतलेला, त्याला फुगायचं नसतं, त्यामुळे अंगठ्याने दाबून भरला तर उलट बरंच. महशीत कच्चा तांदूळ जातो आणि तो शिजताना जवळपास तिपटीने फुलतो. त्याला जागा दिली नाही तर तो भाजी तरी फाडतो, नाहीतर पाण्यावाचून अडकून कच्चा राहतो.

माझं हे दोन्ही एकाच दिवशी झालं होतं. दोक्कीतला दुसरा हिवाळा. शुक्रवार, तिथला सुटीचा दिवस, नवऱ्याच्या ऑफिसातले आठजण जेवायला येणार होते. तांतच्या स्वयंपाकघरात बसून मी कितीदा तरी भाज्या कोरून दिल्या होत्या, त्यामुळे येतंच असं वाटत होतं. चाळीसेक कूसा आणि वांगी भरली, प्रत्येक काठोकाठ, वरून अंगठ्याने दाबून. पाऊण तासाने झाकण काढलं तर वर आलेला तांदूळ कोरडा टणक, बरेचसे कूसा उभे चिरलेले आणि आतल्या भाताला कणी. घाबरून दोन पेले गार पाणी ओतलं आणि अजून अर्धा तास ठेवलं. भाज्यांचा लगदा झाला, तरी मधला भात दाताखाली कचकच करत होताच. पाहुणे येऊन बसलेले. मी खाली धावले. तांत वर आल्या, एक वांगं उचलून ताटलीत उघडलं, आतला घट्ट गोळा चमच्याच्या टोकाने हलवून मला दाखवला आणि म्हणाल्या, “सीबीलू मकान.” त्याला जागा सोड. मकान म्हणजे आपण हिंदीमुळे घर समजतो, अरबीत तो शब्द ‘जागा’ या अर्थी आहे. भाताला राहायला घर हवं, असाच तो माझ्या डोक्यात बसला.

तेव्हापासून माझी सवय अशी: भाजी पाऊण भरायची, वर बोटाचं एक पेर रिकामं. सारण बोटाने ढकलायचं नाही. भाजी हातात धरून बूड ओट्यावर हलकेच आपटायचं, सारण आपोआप खाली बसतं. एक किलो भाज्यांना दीड वाटी तांदूळ मला पुरतो. उरलंच तर एखाद्या टोमॅटोत जातं. उरलं म्हणून आधीच भरलेल्या भाज्यांत चिमूट चिमूट वाढवत बसू नका, पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

बासमती, किंवा आधीच शिजवलेला भात

इजिप्तचा तांदूळ नाईलच्या त्रिभुज प्रदेशातला, आखूड, जाड दाण्याचा आणि चिकटसर. बासमती मोकळा होतो, आणि महशीचा भात मोकळा नको, एकमेकांना धरून राहणारा हवा. आपल्याकडे यासाठी इंद्रायणीइतका चांगला तांदूळ मला दुसरा मिळालेला नाही. धुऊन चाळणीत निथळत ठेवायचा, भिजवायचा नाही. ‘कच्चा राहायला नको’ म्हणून आधी शिजवून भरणाऱ्याही आहेत. मग भाजीचा रस भातात उतरणार कसा? ती महशी नव्हे, भाजीत कोंबलेला भात. तांदूळ कच्चा राहतो तो जागा आणि पाणी चुकल्यामुळे, आधी न शिजवल्यामुळे नाही.

टोमॅटो कच्चाच घालणं

कांदा तेला-तुपात मऊ करून त्यात टोमॅटोचा रस तेल सुटेपर्यंत आटवायचा. त्याला तस्बीका म्हणतात. कच्च्या टोमॅटोने सारण पाणीदार होतं आणि उग्र आंबट लागतं. तेल-तूप इथे हात राखून घालू नका. दीड वाटी तांदळाला चार मोठे चमचे लागतातच.

शेपू वगळणं

‘आमच्याकडे शेपू आवडत नाही.’ हे मी इतक्यांदा ऐकलंय! शेपू, कोथिंबीर आणि पार्सली हे तिन्ही मिळून त्या सारणाची चव होते. शेपू काढला तर हाती टोमॅटोभात उरतो. आपला शेपू जरा उग्र असतो, म्हणून मी तो बाकी दोघांच्या निम्मा घेते. पाले बारीक चिरायचे, देठ टाकायचे नाहीत, त्यांचं काम पुढे आहे.

दाण्याचं कूट, गोडा मसाला, गूळ यांतलं काहीही घालू नका. मिरपूड, मीठ, हवं तर थोडं जिरं. सारण भरण्याआधी चाखून बघा. तांदूळ आणि भाजी दोन्ही मीठ ओढून घेतात, म्हणून ते जरा जास्तच खारट लागायला हवं.

कोरताना बूड फोडणं

इजिप्तमध्ये कोरायला मअवरा असते, लांब, अरुंद, पन्हळीसारख्या पात्याची. आपल्याकडे बटाट्याची टोकदार सालकाढणी चालते. भाजी फिरवायची, सालकाढणी एका जागी धरायची, आणि बुडाशी अर्धा सेंटीमीटर गर राहू द्यायचा. भोक पडलंच तर आतून काढलेल्या गराचाच तुकडा तिथे बसवा. मोठी झुकिनी आणून ती दोन तुकडे करून भरू नका. दुधी तर नकोच.

पाणी आणि कुकर

दुसरी मोठी चूक, जिच्यामुळे माझा जीव जळतो. पातेलं भरून झालं की बायका नळाखाली धरतात आणि भाज्या बुडेपर्यंत पाणी घालतात. मग वरच्या भाज्या उकळीत तरंगून आडव्या होतात, सारण बाहेर येतं, आणि शेवटी पातेल्यात खिचडी.

मी असं करते: तळाला त्या तीन पाल्यांचे देठ, कांद्याच्या जाड चकत्या आणि टोमॅटोचे कापलेले टोप अंथरते. तळ करपत नाही आणि रस्शाला वास लागतो. इजिप्तमध्ये पुष्कळ घरी तळाला मटणाची हाडंही घालतात. वर भाज्या उभ्या, तोंड वर, एकमेकींना टेकून बसतील अशा लावायच्या. चिवट त्या खाली, टोमॅटो सगळ्यांत वर. पातेलं असं निवडायचं की मध्ये फट राहायला नको. मग उकळता रस्सा, मटणाचा, कोंबडीचा, नाहीतर चमचाभर तस्बीका आणि मीठ घातलेलं पाणी. तो कडेने ओतायचा, भाज्यांच्या पाऊण उंचीपर्यंत, तोंडावर नाही. मोठ्या आचेवर बुडबुडे नीट येऊ द्यायचे, मग झाकण लावून अगदी मंद आचेवर 40 मिनिटं. मधली एक भाजी काढून बघायची. पाणी कमी वाटलं तर पुन्हा उकळतंच, अर्धी वाटी, कडेनेच. ढवळायचं अजिबात नाही.

आणि कुकर. ‘एका शिट्टीत होतं की!’ होतं, पण काय होतं? वांगं पसरतं, मिरचीचं साल सुटतं, भाताचा गोळा होतो. 40 मिनिटं थांबायचं नसेल तर त्या दिवशी पिठलं करा. तेही छानच असतं.

कोबी जाड गुंडाळणं

तिथला हिवाळी कोबी मोठा, चपटा, सैल पानांचा असतो. आपला गड्डा घट्ट, म्हणून पानं फाटतात. बुडातला दांडा कोरून काढा आणि अख्खा गड्डा मीठ-जिरं घातलेल्या उकळत्या पाण्यात सोडा. पानं सुटतील तशी एकेक काढायची, नुसतं वाकण्याइतकी मऊ. गड्डा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला तर पानं मऊ पडतात खरी, पण पाणचट लागतात. मधली जाड शीर कापून पातेल्याच्या तळाला टाका. वळकटी करंगळीएवढी हवी. तांत माझी वळकटी स्वतःच्या करंगळीला लावून बघायच्या, जाड निघाली की उलगडून परत माझ्या हातात द्यायच्या. कोबी स्वतःचं पाणी सोडतो, तेव्हा रस्सा वरच्या थराच्या खालीच राहू द्या.

द्राक्षाची पानं कुठूनही तोडणं

हे खास नाशिककरांसाठी. थॉमसन जातीच्या द्राक्षाची कोवळी पानं महशीला फार चांगली, पातळ आणि हलकी आंबट. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी फूट आली की मे महिन्यात सगळ्यांना मोह होतो. पण विक्रीच्या बागेत बुरशीसाठी फवारण्या चालू असतात, आणि नुसतं धुतलं म्हणजे औषध गेलं असं होत नाही. बागेतली पानं घेऊच नका. मी फाटकावरच्या वेलाची घेते, त्याला काहीच मारत नाही. तळहाताएवढी, चकचकीत, शेंड्यापासून तिसरं-चौथं पान. देठ खुडून, मिठाच्या उकळत्या पाण्यात हिरवा रंग जरा मळकट होईपर्यंत, मिनिटभर. शिरांची खरखरीत बाजू वर ठेवून सारणाची पेन्सिलीएवढी रेघ, दोन्ही कडा आत, आणि सैलसर गुंडाळी. पातेल्यात रचल्यावर वर एक उलटी ताटली ठेवायची, म्हणजे त्या तरंगत नाहीत.

गॅस बंद केल्यावर 20 मिनिटं झाकण तसंच असू द्या. मग उरलेला रस्सा वाटीत ओतून घ्या, पातेल्यावर परात धरा आणि दोन्ही एकदम उलटा. पातेलं लगेच उचलू नका. बुडावर दोन-तीनदा थापटा, मग हळूच सरळ वर.